विश्लेषण : मुलांना समुद्र कसा शिकवायचा? कासव क्रमांक ‘०३२३३’, तिथीचे गणित आणि ताटातले पापलेट काय सांगतात?

जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालण्यासाठी आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी होती आणि तिच्यावर ‘०३२३३’ हा क्रमांक होता. शोध घेतल्यावर समजले, की ही पट्टी २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातून निघालेले हे कासव सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून कोकणात पोहोचले होते. एका पट्टीवरचा आकडा आणि भारताचा नकाशा एवढ्या साहित्यावर शाळेत स्थलांतर, प्रजनन, सागरी प्रवाह आणि संवर्धन असे चार धडे शिकवता येतात. प्रत्यक्षात मुलांची समुद्राशी ओळख होते ती बहुतेक वेळा माशांच्या रंगीत तक्त्यातून, ‘समुद्र वाचवा’ चित्रकला स्पर्धेतून आणि वर्षातून एकदा होणाऱ्या किनारा स्वच्छतेतून. मग समुद्र शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे? त्याची साधने महाराष्ट्रात कुठे आहेत आणि उत्साहाच्या भरात कोणत्या चुका होतात?

‘सागरी साक्षरता’ म्हणजे काय?

समुद्राचा आपल्यावर आणि आपला समुद्रावर होणारा परिणाम समजणे, अशी सागरी साक्षरतेची सोपी व्याख्या केली जाते. अमेरिकेतील शिक्षक आणि शास्त्रज्ञांनी २००४-०५ च्या सुमारास या कल्पनेची सात तत्त्वांत मांडणी केली. पृथ्वीवर सर्व बाजूंनी जोडलेला एकच महासागर आहे, तो हवामान घडवतो, त्याच्यामुळे पृथ्वी राहण्याजोगी झाली, त्यात प्रचंड जैवविविधता आहे आणि तरीही त्याचा मोठा भाग अद्याप अज्ञात आहे, असे मुद्दे त्यात येतात. पुढे युनेस्कोने ही संकल्पना उचलून धरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे महासागर विज्ञान दशक जाहीर केले आणि २०२५ पर्यंत सदस्य देशांच्या अभ्यासक्रमात महासागराचा समावेश व्हावा, असे आवाहन युनेस्कोने २०२१ मध्ये केले.

ही साक्षरता म्हणजे माशांची नावे पाठ असणे नव्हे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे, हे बहुतेक मुलांना सांगता येते. पण जागतिक तापमानवाढीतील ९० टक्क्यांहून अधिक अतिरिक्त उष्णता समुद्राने शोषली आहे आणि त्याचा चक्रीवादळांशी, पावसाशी संबंध आहे, हे क्वचितच सांगितले जाते. काही वेळा अर्धवट माहितीही पोहोचते. ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्रामुळे’ हे वाक्य लोकप्रिय आहे. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा समुद्रातील सूक्ष्म वनस्पती उचलतात, हे खरे आहे. मात्र त्यातून तयार होणारा बहुतांश प्राणवायू समुद्रातील जीवच श्वसनात आणि कुजण्याच्या प्रक्रियेत वापरतात. आपण आज घेतो तो प्राणवायू कोट्यवधी वर्षांत वातावरणात साठलेला आहे. मोठ्या मुलांना हा फरक समजावणे अवघड नाही, आणि घोषणा व विज्ञान यांत अंतर असते हेही त्यातून कळते.

किनाऱ्याची लांबी अचानक कशी वाढली?

भारताला ७,५१६.६ किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हा आकडा अनेक पिढ्यांनी पाठ केला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात मात्र तो ११,०९८.८१ किलोमीटर असा आला. महाराष्ट्राच्या बाबतीत केंद्राच्या जुन्या नोंदीतील ६५२.६ किलोमीटरचा आकडा ८७७.९७ झाला. राज्यातील विद्यार्थी आजवर ७२० किलोमीटर असे लिहीत आले आहेत.

या काळात देशाला नवी जमीन मिळाली नाही. बदलली ती मोजपट्टी. जुनी मोजणी १ : ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, तर नवी १ : २.५ लाख प्रमाणाच्या नकाशावर. नकाशा जितका बारकाईचा, तितक्या खाड्या, भूशिरे आणि वळणे मोजणीत येतात. वर्गात हा प्रयोग दहा मिनिटांत करता येतो. रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा घ्यायचा, किनाऱ्याची लांबी आधी आगपेटीच्या काडीने मोजायची आणि मग दोऱ्याने. दोन उत्तरे येतात आणि दोऱ्याचे उत्तर मोठे असते. किनारा ही सरळ रेघ नाही, हे मुलाला एकदा कळले की खाडी, खाजण आणि कांदळवन हेही किनाऱ्याचेच भाग आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शाळेच्या सहलीला समुद्रातले जीव का दिसत नाहीत?

मुंबईत गिरगाव, हाजी अली, वरळी, वांद्र्याचे कार्टर रोड आणि जुहू येथील खडकाळ पट्ट्यांवर ओहोटीच्या वेळी प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे, समुद्री गोगलगायी आणि कालवांचे थर दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून या किनाऱ्यांवर फेऱ्या काढतो आणि दिसलेल्या जीवांच्या नोंदी ठेवतो. तरीही चौपाटीवर सहलीसाठी गेलेल्या बहुतेक मुलांना यातले काहीच दिसत नाही. त्याचे मुख्य कारण वेळापत्रकात आहे.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्राचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. त्या दिवशी पाणी सर्वात वर चढते आणि ओहोटीला सर्वात खालीही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी राहते. खडकांचा खालचा, जीवांनी भरलेला पट्टा उघडा पडतो तो उधाणाच्या दिवसांत.

आता वेळ कशी काढायची? कोकणात त्यासाठी जुना ठोकताळा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. यामागे खगोलशास्त्र आहे. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरतीची वेळ दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, त्यामुळे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचे अधिकृत तक्तेच पाहायला हवेत.

या गणितातून सहलीची अडचण लगेच लक्षात येते. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि ओहोटी पहाटे व सायंकाळी. दुपारी ओहोटी असते ती भांगाच्या दिवसांत, पण तेव्हा पाणी फारसे मागे जात नाही. म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी तीन या सहलीच्या ठरलेल्या वेळेत महिन्यातील कोणत्याही दिवशी गेले, तरी खडकांचा चांगला पट्टा पाहायला मिळणे कठीण. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सकाळची ओहोटी सहा-सातच्या सुमारास येते. तेव्हा उजेडही असतो आणि पाणीही मागे गेलेले असते. सहलीची तारीख शाळेच्या सोयीने ठरवण्याऐवजी तिथी पाहून ठरवली, तर तोच किनारा वेगळा दिसतो.

ओहोटीला जाणे कितपत सुरक्षित?

योग्य माहिती असेल तर सुरक्षित, अन्यथा धोकादायक. ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगाने परतत नाही. खलाशी त्यासाठी ‘बारा भागांचा नियम’ वापरतात. भरतीच्या सुमारे सहा तासांत पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतके चढते, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत येते. एकूण चढ चार मीटर असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर चढते आणि तिसऱ्या तासात तब्बल एक मीटर. ‘पाणी तर हळूहळूच येतेय’ हा पहिल्या तासातला अंदाज म्हणूनच फसवतो.

त्यामुळे ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर जाणे आणि पाणी फिरले की परतणे, ही शिस्त आवश्यक ठरते. पायांत पकड असलेले, बंद बूट हवेत, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पावसाळ्यात खडक शेवाळलेले आणि समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर लहान मुलांना खडकांवर नेऊ नये. याच दिवसांत वाऱ्याबरोबर मुंबईच्या किनाऱ्यांवर ‘ब्लू बॉटल’ येतात. निळ्या फुग्यासारखे दिसणारे हे प्रकरण जेलीफिश समजले जाते. प्रत्यक्षात ती एकत्र राहणाऱ्या अनेक सूक्ष्म जीवांची वसाहत असते. तिचे धागे मेल्यानंतरही डंख करू शकतात. वाळूवर पडलेले निळे काहीही हाताळायचे नाही आणि डंख झाल्यास चोळत न बसता डॉक्टरकडे जायचे, हे मुलांना आधीच सांगून ठेवायला हवे.

किनाऱ्यावरचे शंख घरी आणले तर काय बिघडते?

समुद्रावरून परतताना पिशवीभर शंख-शिंपले आणणे हा अनेक घरांतला आनंदाचा भाग. मात्र त्या पिशवीत कधी कधी जिवंत गोगलगाय किंवा संन्यासी खेकडा असतो. या खेकड्याचे पोट मऊ असते आणि त्याला स्वतःचे कवच नसते. तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. किनाऱ्यावरचे चांगले शंख उचलले गेले, की त्याला बाटलीच्या झाकणात किंवा फुटक्या प्लास्टिकमध्ये राहावे लागते.

याला कायद्याचीही बाजू आहे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही प्रकारचे शंख यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये संरक्षण आहे. वाघाला ज्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळही आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजी अली आणि वरळी येथील खडकांवर प्रवाळ आढळले, तेव्हा ते तसेच बुजवता आले नाहीत. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्यांचे स्थलांतर करावे लागले. लाखो लोक रोज ज्या रस्त्यावरून जातात, त्याच्या खालच्या खडकांवर संरक्षित जीव राहतात, हे शहरातल्या मुलासाठी दूरच्या प्रवाळ बेटांच्या चित्रफितीपेक्षा जवळचे उदाहरण आहे.

पर्याय सोपा आहे. जीव जिथे दिसला तिथेच त्याचे छायाचित्र घ्यायचे, उचललेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा आणि नोंद वहीत करायची. दगडाखालच्या जीवांना ऊन सहन होत नाही, त्यामुळे दगड उलटा टाकून पुढे जाणे म्हणजे त्या जीवांना मारणेच होय. खडक नसलेल्या वाळूच्या किनाऱ्यावरही पाहण्यासारखे बरेच असते. ओल्या वाळूवर बिळाभोवती नक्षीसारख्या मांडलेल्या बारीक गोळ्या इवल्या खेकड्यांनी केलेल्या असतात. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातले अन्न वेगळे करतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. पुढच्या भरतीत सगळे पुसले जाते आणि काम पुन्हा सुरू होते.

वेळासच्या कासवांनी काय शिकवले?

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे राज्यातील सागरी शिक्षणाचे सर्वात परिचित उदाहरण. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून येथे कासवांच्या घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. तोवर कासवांची अंडी खाल्ली किंवा विकली जात. कुत्री आणि कोल्हेही घरटी उकरत. संरक्षित जाळीच्या कुंपणात अंडी हलवून ती उबेपर्यंत सांभाळण्याची पद्धत गावकऱ्यांच्या मदतीने रुजली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि घरगुती निवास-न्याहारीतून गावाला उत्पन्नही मिळू लागले.

एका घरट्यात साधारण १०० ते १२० अंडी असतात आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू गार असेल तर नर आणि गरम असेल तर माद्या अधिक. तापमानवाढीमुळे ध्रुवावरचे बर्फ वितळते, हे मुलांनी ऐकलेले असते. इथे तीच तापमानवाढ कोकणातल्या वाळूत कासवांच्या पुढच्या पिढीचे गणित कसे बदलू शकते, हे दिसते.

मात्र महोत्सवातही चुका होतात. अंडी आणि पिल्लांचे दर्शन हमखास होईलच असे नसते, कारण पिल्ले आपल्या वेळेनुसार बाहेर येतात. लांबून आलेल्या पर्यटकांचा हिरमोड होतो आणि मग पिल्लू हातात घेण्याचा, मोबाइलचा फ्लॅश मारण्याचा आग्रह सुरू होतो. पिल्ले समुद्राची दिशा ओळखतात ती पाण्यावरच्या मोकळ्या, उजळ क्षितिजावरून. किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे आणि फ्लॅशमुळे ती उलट्या दिशेने वळू शकतात. पिल्लाने वाळूवरून स्वतः चालत जाणेही आवश्यक मानले जाते. म्हणून दोरीच्या मागे शांत उभे राहणे हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग आहे, हे मुलांना घरून निघतानाच समजावले पाहिजे. ‘आज पिल्ले आलीच नाहीत’ हाही अनुभवच असतो.

कासवांच्या प्रवासाचा माग हाही शाळेसाठी तयार धडा आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे ‘प्रथमा’ नावाच्या मादीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवण्यात आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचा असा माग पहिल्यांदाच घेतला गेला. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या या प्रकल्पात पुढे सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी अशी नावे जोडली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. ‘०३२३३’ने उलट दिशेचा प्रवास केला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे एकमेकांशी जोडलेली असावीत, या शक्यतेला या दोन प्रवासांमुळे बळ मिळाले. कागदावरचा अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर वेगळा रंगवलेला असला तरी कासवासाठी ते एकच पाणी आहे.

ताटातल्या पापलेटचे काय?

कोकणी, मालवणी किंवा कोळी घरातल्या मुलाला ‘मासे आपले मित्र आहेत’ असे शिकवून थांबता येत नाही. संध्याकाळी त्याच्या ताटात तोच मित्र येतो. मग मूल एक तर शाळेचे ऐकून घरच्यांना दोषी ठरवते किंवा शाळेचे बोलणे सोडून देते. मासेमारीवर राज्यातील लाखो लोकांचे पोट आहे, त्यामुळे मासे खाणे वाईट असे सांगणे अर्धवट आणि अन्यायकारकही ठरते. कोणता मासा, कोणत्या आकाराचा आणि कोणत्या महिन्यात, हा त्यापेक्षा उपयोगी प्रश्न आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट म्हणजे सिल्व्हर पॉम्फ्रेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा जाहीर झाला. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. घटत्या उत्पादनाची चिंता त्यामागे होती. लहान आकाराची पिल्ले मोठ्या प्रमाणात पकडली गेली, तर ती अंडी घालण्याआधीच संपतात. त्याच वर्षी राज्याने ५४ व्यावसायिक प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार निश्चित केला. प्रत्येक माशाला निदान एकदा प्रजननाची संधी मिळावी, हे त्यामागचे तत्त्व आहे. जाळ्याच्या आसाचा आकार मोठा ठेवण्याचा आग्रहही याचसाठी असतो. लहान मासा त्यातून निसटतो, मोठा अडकतो.

हा धडा मासळी बाजारात फूटपट्टी घेऊन शिकवता येतो. पापलेटसारख्या माशाची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात. चार-पाच मासे मोजून त्यांची लांबी, वजन आणि भाव वहीत लिहिला, की मोठ्या पापलेटला किलोमागे जास्त भाव मिळतो हे दिसते. म्हणजे पिल्लू आज पकडण्यापेक्षा काही महिन्यांनी पकडणे मच्छीमाराच्याही फायद्याचे. मग तरी लहान मासा बाजारात का येतो? कारण आपण सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल, अशी प्रत्येकाला भीती असते. सामायिक संपत्तीचा हा पेच आठवी-नववीच्या मुलांना सहज कळतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. यांत्रिक नौकांसाठीचा हा नियम आता कायद्याने लागू होत असला, तरी पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात लोटण्याची कोळी समाजाची परंपरा त्याहून जुनी आहे. कोळीवाड्यातली मुले तिथी, वारा, जाळ्यांचे प्रकार आणि माशांचे हंगाम घरातच शिकतात. शाळेत मात्र हे ज्ञान ‘अभ्यास’ मानले जात नाही. किनाऱ्यावरच्या शाळांनी एखाद्या मच्छीमार आजोबांना किंवा मासळी विकणाऱ्या आजींना वर्गात बोलावले, तर त्या मुलांच्या घरच्या ज्ञानाला प्रतिष्ठा मिळते आणि इतरांना पुस्तकात नसलेली माहिती.

संवर्धन आणि पोट यांची सांगड बसते का?

बसू शकते, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातमध्ये आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची मोठ्या प्रमाणात शिकार होत असे. २००१ मध्ये या जगातल्या सर्वात मोठ्या माशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, पण केवळ कायद्याने शिकार थांबेल याची खात्री नव्हती. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली आणि कथाकार मोरारी बापू तिचा चेहरा झाले. व्हेल शार्क ही बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे, अशी मांडणी त्यांनी केली. ‘वहाली’, म्हणजे लाडकी, हे नाव रुजले. ज्या मच्छीमारांनी हा मासा पकडला असता, तेच जाळे कापून त्याला सोडू लागले.

जाळे कापणे मात्र फुकट होत नाही, एका जाळ्याची किंमत हजारोंत असते. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळे कापावे लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडतानाची छायाचित्रे मच्छीमार त्यासाठी सादर करतात. मुलांना ही योजना सांगणे महत्त्वाचे आहे. संवर्धनाचा खर्च कोणीतरी उचलत असतो आणि तो एकट्या गरीब माणसावर पडू नये, हे त्यातून समजते.

मालवणचा अनुभव दुसरी बाजू दाखवतो. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. मात्र उपजीविकेवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. वेळास आणि मालवण ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून ‘एके ठिकाणी लोक सोबत का आले आणि दुसरीकडे का नाही,’ या विषयावर वर्गात वादसभा घेता येईल.

किनारा स्वच्छतेतून मुले काय शिकतात?

मुंबईतील वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेली स्वच्छता मोहीम जगभर गाजली. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले दिसली. त्यानंतर शाळांच्या स्वच्छता मोहिमा वाढल्या. पण हातमोजे घालून तासभर कचरा उचलला, छायाचित्र काढले आणि पुढच्या भरतीला तितकाच कचरा परत आला, तर मुलांच्या मनात निराशा उरते.

त्याऐवजी कचरा मोजला, तर तीच मोहीम प्रयोग बनते. वाळूवर १० बाय १० मीटरचा चौकोन आखायचा. त्यातला कचरा बाटल्या, पाकिटे, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, चपला अशा गटांत वेगळा करून मोजायचा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी तीच मोजणी करायची. आधी आणि नंतरचे आकडे फळ्यावर मांडले, की प्रश्न आपोआप पडतात. पावसाळ्यात कचरा का वाढतो? एकाच प्रकारची पाकिटे जास्त का? ही वस्तू नाल्यातून आली की बोटीतून? इथून चर्चा नाले, पालिकेची कचरा व्यवस्था आणि वेष्टने बनवणाऱ्या कंपन्यांच्या जबाबदारीकडे जाते. समुद्र घाण होण्याचा सगळा दोष मुलांच्या चॉकलेटच्या कागदावर टाकणे बरोबर नाही आणि त्याने प्रश्नही सुटत नाही.

समुद्रापासून दूर असलेल्या मुलांचे काय?

महाराष्ट्रात किनारा लाभलेले जिल्हे सात आहेत. उरलेल्या जिल्ह्यांतील अनेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. तरीही त्यांचा समुद्राशी संबंध रोजचा आहे. मराठवाड्यातल्या शेतात पडणारा मोसमी पाऊस समुद्रावरूनच येतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, पण नदी पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे नाशिक किंवा नांदेडच्या घाटावर सोडलेली पिशवी वाहत गेली, तर पोहोचेल ती त्या समुद्रात, जिथून ‘०३२३३’ निघाले होते. गावातला ओढा कोणत्या नदीला, ती नदी कोणत्या समुद्राला मिळते, हा माग नकाशावर काढणे हा कोणत्याही शाळेत होऊ शकणारा सागरी प्रकल्प आहे.

सुरुवात कुठून करावी?

मुंबईत १९५१ पासून अनेक पिढ्यांना मासे दाखवणारे तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षे बंद आहे. नवी मुंबईतील ऐरोली येथे कांदळवन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे खाडीतील जीवसृष्टीची माहिती आणि हंगामात रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटफेरी, दोन्ही मिळते. ओहोटीच्या फेऱ्या जाणकारांसोबतच कराव्यात. घरी सुरुवात करायची तर दिनदर्शिका पुरेशी आहे. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट किती, भरती किती वाजता, हे मुलाने काढायचे आणि तक्त्याशी ताडून पाहायचे. चुकले तर किती मिनिटांनी चुकले, हेही लिहायचे.

वयाचे भानही ठेवायला हवे. पहिली-दुसरीच्या मुलांना प्लास्टिक गिळून मेलेल्या कासवाचे छायाचित्र दाखवले, तर भीती आणि अपराधीपणा याशिवाय हाती काही लागत नाही. त्या वयात खेकड्याची वाळूची गोळी आणि संन्यासी खेकड्याचे घर पुरे. पाचवी-सहावीत मोजमाप आणि नोंदी याव्यात. कायदा, उपजीविका, तापमानवाढ आणि किनाऱ्यावरचे प्रकल्प यांवरचे वाद आठवीनंतर. विजयदुर्गपासून शंभरहून अधिक किलोमीटर आत समुद्रात पाण्याखाली ‘आंग्रिया बँक’ नावाचे प्रवाळ पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठारावर डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी मोहीम काढली, पण अनेक विद्यार्थ्यांना त्याचे नावही ठाऊक नाही. इतिहासाच्या तासाला कान्होजींचे आरमार शिकवताना भूगोलाच्या शिक्षकांना पाच मिनिटे बोलावले, तर त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहावी लागणार नाही.